औषधाने फरक नाही, मग रिफ्लक्ससाठी मुलीचं ऑपरेशन करावं का?

काजवा:
मुलगी पाच वर्षांची. आवाज कायम घोगरा, उठल्या उठल्या खाकरणं, आणि ग्रॉमेट (कानाच्या पडद्यात बसवतात ती बारीक नळी) घालूनही कानात पाणी. नाकातून दुर्बीण घातली तर स्वरयंत्राचा मागचा भाग लालभडक. डॉक्टर म्हणाले रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं अ‍ॅसिड वर घशापर्यंत येतंय. दोन महिने अ‍ॅसिड कमी करणारं औषध दिलं, फरक शून्य. आता फंडोप्लिकेशन सुचवलंय, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवायचा. मला पटतंय. वर्षानुवर्षं औषध पाजण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

खडूस:
औषध लागू पडलं नाही म्हणून आजार हट्टी ठरवलात. आजारच दुसरा असेल तर? लाली अ‍ॅलर्जीने येते, सर्दीने येते, दिवसभर किंचाळण्यानेही येते. अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ, वाढलंय का ते तपासलंत का? या वयात कानात पाणी साठायला ते पुरेसं असतं.

पाटीपेन्सिल:
अर्धीच बाजू मांडलीत. हे औषध अ‍ॅसिड कमी करतं, वर येणं थांबवत नाही. अ‍ॅसिडबरोबर पेप्सिन, म्हणजे जठरातलं पाचक द्रव्य, तेही वर येतं. मुलांच्या मधल्या कानातल्या पाण्यात पेप्सिन सापडल्याचं २००२ मध्येच प्रसिद्ध झालंय. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपच ढिली असेल तर औषध काय करणार?

खडूस:
अंगणात चिखलाची पावलं दिसली म्हणजे घरात चोरी झाली असं होत नाही. पेप्सिन तिथे पोचलं एवढंच कळलं, पाणी त्यानेच झालं हे नाही.

रात्रपाळी:
आमच्या मुलाचं हे ऑपरेशन झालंय, पण कारण वेगळं होतं. स्वरयंत्राखाली श्वासनलिका अरुंद होती, ती रुंद करायची होती, आणि तिथले टाके भरताना अ‍ॅसिड वर यायला नको होतं. उपयोग झाला, नाही म्हणणार नाही. पण ढेकर येईना. जेवण झालं की पोट ढोलासारखं. एकदा पोट बिघडलं तेव्हा रात्रभर नुसते कोरडे उमाळे, बाहेर काही पडेना. शेवटी नाकातून नळी घालून पोटातली हवा काढली. 'एकदाच काय ते' म्हणताय ना, गुंडाळी पुढे सैलही पडते. मग पुन्हा टेबलावर. जीव घुसमटत असेल तर करा. घोगऱ्या आवाजासाठी मी केलं नसतं.

काजवा:
हे उमाळ्यांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

खडूस:
२४ तासांची पीएच-इम्पीडन्स तपासणी झाली का? नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत ठेवतात. अ‍ॅसिड असो-नसो, वर काय आलं ते सगळं नोंदलं जातं. मूल खोकलं की आपण यंत्राचं बटण दाबायचं, म्हणजे दोन्हींचा मेळ लागतो की नाही ते दिसतं. त्याआधी सुरी नको.

काजवा:
नाही झाली. या आठवड्यात विचारते. तोवर ऑपरेशनची तारीख घेत नाही.

पाटीपेन्सिल:
तपासणी जरूर करा. पण खडूस, खोकल्याला बटण दाबता येतं. दिवसभर घोगरा असलेल्या आवाजाला कधी दाबायचं?