विषय: मुलांच्या वर्गाच्या पोस्टमध्ये कोडचे रंग चुकतायत

नमस्कार मंडळी,

बर्फामुळे हॉल बंद होता म्हणून शनिवारच्या वर्गाचा धडा या वेळी मंडळाच्या साइटवर टाकला. क्रमाने लावलेल्या ८ आकड्यांतून एक शोधायचा, दर वेळी मधला आकडा बघून अर्धे सोडून देत, म्हणजे बायनरी सर्च. पायथन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या खणांची) नावं देवनागरीत चालतात (आकडे मात्र इंग्रजीच लागतात), त्यामुळे मुद्दाम मराठीत लिहिलं:

मध्य = (खालचा + वरचा) // 2

पण पोस्टमध्ये // पासून पुढचं सगळं राखाडी दिसतंय, कॉमेंट (फक्त माणसांसाठीची टीप, जी प्रोग्रॅम चालताना वगळली जाते) असल्यासारखं. एका मुलीने ते कॉमेंटच समजून सोडून दिलं. आणि तरी तिचं उत्तर बरोबर आलं! मी अर्धा तास बघत बसले तेव्हा कळलं की भागाकारच नसल्याने तिचा प्रोग्रॅम शेवटच्या आकड्यापासून एकेक घर मागे सरकत होता, पहिला आकडा शोधायला ३ ऐवजी ८ वेळा तपासत होता. म्हणजे धड्यात जे शिकवायचं तेच नेमकं हातातून निसटलं. मला फार वाईट वाटलं, तिची काहीच चूक नव्हती. कोणाला माहितीये का हे कसं दुरुस्त करायचं?

– वर्गाची ताई

---

ताई,

कोड बरोबर आहे, फक्त ही कुठली भाषा ते तुम्ही पोस्टमध्ये सांगितलेलं नाही. आपल्या साइटवर कोडला रंग देणारं हायलाइट.जेएस आहे, त्याला भाषा सांगितली नाही तर ते एकेका भाषेचे नियम लावून बघतं, गुण देतं आणि ज्या भाषेला जास्त गुण ती धरतं. चारसहा ओळींचा तुकडा, त्यात नावं मराठी, म्हणजे अंदाज करायला खुणा अगदीच कमी, मग चुकणारच. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये // म्हणजे कॉमेंट, पायथनमध्ये पूर्णांकी भागाकार, आणि पायथनची कॉमेंट # ने सुरू होते.

पोस्ट एडिट करा, कोडच्या वरच्या तीन बॅकटिकना (` या खुणांना) चिकटून त्याच ओळीत इंग्रजीत, लहान अक्षरांत पायथन लिहा, बस. खालच्या तीन बॅकटिकपुढे काही नको. आणि प्रोग्रॅमचं आउटपुट टाकाल तिथे त्याच जागी, तसंच इंग्रजीत, प्लेनटेक्स्ट (म्हणजे साधा मजकूर) लिहा, नाहीतर साध्या वाक्यातले शब्दही रंगतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर बऱ्याचदा प्रश्नाच्या टॅगवरूनच भाषा ठरते, आपल्याकडे ती सोय नाही त्यामुळे दर वेळी हाताने लिहावं लागेल.

– वेबसाइटवाला काका

---

काका, खूप आभार! लिहिलं आणि लगेच // 2 काळ्या रंगात आलं. जुने सगळे धडे उघडून बघितले, तीन ठिकाणी अजून हेच झालेलं, तेही आत्ताच नीट केले. पालकांनो, मुलांनी आधीच कोड उतरवून घेतला असेल तर कृपया मध्यची ओळ एकदा तपासा. त्या मुलीला मी आज संध्याकाळी फोन करतेय.

– ताई