डब्ल्यूपीए-२ वाल्यांनी राउटर भंगारात घालायचा का?

औसा_रोडवाला: काल इथं एकानं ठोकून दिलंय की ज्याच्या घरी अजून डब्ल्यूपीए-२ (वायफायच्या कुलपाचा जुना प्रकार) आहे त्यानं राउटर भंगारात घालावा, नव्या डब्ल्यूपीए-३ शिवाय वायफाय म्हणजे सताड उघडं दार. उगं लोकांना भ्या दाखवलालाव. वेप, म्हणजे त्याच्या बी आधीचं कुलूप, टाकून द्या म्हणलाव तर मान्य, १९९७ चं ते, दर पाकिटाला बदलायचा आकडा (आयव्ही) फक्त २४ बिटांचा, २००१ लाच त्याचं पितळ उघडं पडलं. पण २ मध्ये एईएस आहे ओ, माल कोड्यात गुंडाळायची पक्की रीत, ते कुणाच्या बापाला फुटलेलं नाही. फुटतो तो पासवर्ड. पोराचं नाव अन पुढं १२३ ठेवलं तर २ काय करील?

मोंढ्यातला: ते लिहिणारा मीच. एईएस फोडायची गरजच काय? फोन जोडताना होणारा हँडशेक (फोन अन राउटरची ओळखपाळख) हवेतून उचलायचा अन घरी बसून निवांत लाखो पासवर्ड लावून बघायचे, राउटरला खबर बी नसते. ३ मध्ये एसएई ही जोडणीची नवी रीत आहे, दर अंदाजाला राउटरलाच विचारावं लागतं. अन २ मध्ये सापडलेलं २०१७ चं क्रॅक नावाचं भगदाड विसरलाव का?

औसा_रोडवाला: क्रॅक अपडेटनं मिटलं. २०१९ ला तुमच्या लाडक्या ३ मध्ये बी ड्रॅगनब्लड नावाचं भगदाड निघालं, दोन्हीकडं शोधणारा तोच संशोधक वानहूफ होता, ते बरं सोयीनं गाळलं.

गोदाकाठ_नांदेड: भांडा तुम्ही. माझ्या सेवा केंद्रातला प्रिंटर ३ ओळखतच नाही, सातबारा घ्यायला आलेल्या माणसाला काय एसएई छापून देऊ?

मोंढ्यातला: दोन्ही चालू ठेवायचा मोड असतो की. पण मग २ चा हँडशेक परत उचलता येतोच, ते बी खरंय.

बीडची_ताई: पासवर्ड कसला घेऊन बसलाव, आमच्या केबलवाल्यानं गल्लीभर ज्याचा त्याचा मोबाईल नंबरच पासवर्ड ठेवलाय. दहा आकडे, अन नंबर तर दुकानाच्या पाटीवर बी लिहिलेला.

खाडगाव_नाका: ताई, ते सोडा. माझ्या वरच्या खोल्यांत नीटची पोरं राहतात. एकाला दया येऊन पासवर्ड दिला, त्यानं क्यूआर दाखवून सगळ्या मेसला वाटला, आता माझं लेकरू ऑनलाईन क्लासला बसलं की नुसतं गोल फिरतंय. मालक मी, अन नेट मलाच नाही!

औसा_रोडवाला: भाडं घेताना दया येत नाही वाटतं? लातुरात पोरांच्या खोल्यांचं काय भाडं घेतात माहिताय आम्हाला.

खाडगाव_नाका: भाड्यावर जाऊ नका. लाईट, पाणी, उन्हाळ्यात टँकर, हे तुम्ही भरता का?

बीडची_ताई: गेस्ट नेटवर्क काढून द्या ना, मिटलं.

खाडगाव_नाका: शेजारच्या काकूंनी मागितला तर त्यांना बी गेस्ट म्हणायचं का? वर्षभर तोंड फिरवतील.

मोंढ्यातला: आता ऐका. २ मध्ये ज्याच्याकडं पासवर्ड आहे अन ज्यानं तुमचा हँडशेक पकडला, तो तुमच्या फोनचा माल उलगडून वाचू शकतो. पुढं साईटचं स्वतःचं कुलूप, एचटीटीपीएस, आडवं येतं ते वेगळं. ३ मध्ये पासवर्ड माहीत असून बी तसं वाचता येत नाही. मेसभर वाटलेल्या पासवर्डला ३ लागतोच की नाही?

औसा_रोडवाला: बरं बाबा, ज्यांच्या घरी धर्मशाळा आहे त्यांनी घ्या ३. पण तू आधी सांग, तुझ्याकडं डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणानं नाहीतर पिननं जोडायची सोय) चालू आहे का बंद? आठ आकडी पिन, २०११ ला कळालं की फार तर ११,००० प्रयत्नांत निघतो.

मोंढ्यातला: बघून सांगतो.

गोदाकाठ_नांदेड: माझा प्रिंटर त्याच बटणावर जोडलाय, त्याला कुणी हात लावायचा नाही.