नववी-दहावीचं जेवण: पासपोर्ट कुठला ते शुक्रवारच्या आत कळवा

सुनीता, ऐरोली

मंडळी,
शहापूरजवळच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना दुपारचं जेवण द्यायला वर्गणी हवी, या कालच्या मेलला चौदा उत्तरं आली, त्यातली अकरा "किती पाठवू?" अशी. पैसे आत्ता पाठवू नका. आधी एवढंच कळवा, पासपोर्ट भारतीय की कॅनेडियन? वसंतकाकांनी शनिवारी नौपाड्यात आपल्या ट्रस्टचे कागद पाहिले. कॅनेडियन पासपोर्टवाल्यांचा एक रुपयाही घेता येणार नाही म्हणतात. शाळा १५ जूनला उघडते आणि पहिल्या दिवसापासून जेवण देऊ, असं मी हेडसरांना सांगून बसले आहे.

हिशेब तोच. ४६ मुलं, थाळीमागे १८ रुपये, २१० दिवस, एकूण १,७३,८८०. तांदूळ दिवसाला सात किलो, सहावी ते आठवीचं सरकारी माप माणशी १५० ग्रॅम, तेच धरलंय. तांदूळ-डाळ वाशी मार्केटमधून घेऊ, भाजी शाळेजवळच्या बाजारातून.

मिलिंद

काका, मला हे पटलेलं नाही. माझ्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड आहे, डोंबिवलीच्या बँकेत खातं आहे, त्यात रुपये आहेत. ते परकीय कसे? २०१९ ला कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली म्हणून मी शहापूरच्या मुलांना परका झालो का? फार तर बाबांच्या खात्यावर टाकतो, ते चेक देतील. दप्तरांच्या वेळी कुणी पासपोर्ट विचारला नव्हता. आणि फंडाचं काम सहा वर्षं मी बघतोय. लिस्टवर टाकण्याआधी मला एक फोन करायला हवा होता.

वसंतकाका, नौपाडा

मिलिंद, फोन करायला हवा होता, माझं चुकलं. पण मुद्दा समजून घे. कायदा (परदेशी देणग्यांचा, २०१० चा एफसीआरए) पैसा रुपयात आहे की डॉलरमध्ये हे बघत नाही, देणाऱ्याचं नागरिकत्व बघतो. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय धरत नाहीत. नागरिकत्व बदललं की माणूस तोच, खातं तेच, तरी पैसा परकीय. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. बाबांमार्फत आणलेस तरी मधले हात मोजत नाहीत, मूळ देणारा कोण ते बघतात. हे वस्तूंनाही लागू आहे, त्यामुळे डिसेंबरमध्ये भांडी घेऊन येतो म्हणणाऱ्यांनी थांबावं. दप्तरं प्रकाशने आणि ठाण्यातल्या आम्ही चौघांनी दिली होती, वही उघडून बघ.

परकीय पैसे घेता यावेत म्हणून आपण या कायद्याखाली नोंदणी का करत नाही, असं तिघांनी विचारलंय. त्याला संस्था तीन वर्षं जुनी लागते आणि तेवढ्या काळात कामावर किमान १५ लाख खर्च झालेला लागतो. आपल्या ट्रस्टला चौदा महिने झालेत. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने घेऊन आपल्याला द्यावेत, तर तो रस्ता २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. पूर्वपरवानगी मिळते, ठरावीक कामाला ठरावीक रक्कम. तो अर्ज मी भरायला घेतो, पण जूनच्या आत होईल असं धरून चालू नका. चाळीस वर्षं ऑडिट केली आहेत मी. जेवण सुरू करून मध्येच नोटिशीने बंद पडलं तर मुलांना तोंड कसं दाखवायचं?

जयश्री

पासपोर्ट कॅनेडियन, त्यामुळे माझा पैसा नाही. पण मला एक कळेना. शाळेत खिचडी मिळते ना सगळ्यांना? मग ही ४६ मुलं कुठली?

१९७२ च्या दुष्काळात मी तिसरीत होते, संगमनेरच्या बाजूला. सुकडी यायची. बाई कागदावर मूठभर घालायच्या आणि आम्ही ती चिमटीचिमटीने दुपारभर पुरवायचो. त्या वासाने अजून भूक लागते मला. आई म्हणायची, शाळेत खाऊन ये म्हणजे रात्रीची अर्धी भाकरी धाकट्याला जाईल.

सुनीता, ऐरोली

जयश्रीताई, खिचडी आठवीपर्यंतच. १९९५ ला योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा असे. २००१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने शिजवलेलंच अन्न द्या म्हणून आदेश दिला, तो प्राथमिकला. पुढे २००८ च्या सुमारास सहावी ते आठवी आत आली. २०२१ ला नाव बदलून पीएम पोषण झालं, पण रेघ आठवीवरच राहिली. आणि आपली शाळा पाचवी ते दहावी.

फेब्रुवारीत मी गेले होते. आसनगावला उतरून सहा आसनीने, पुढे पाऊण तास चालत. मधली सुट्टी झाली. पाचवी ते आठवीच्या ओळी व्हरांड्यात बसल्या, ताटं वाजली. नववी-दहावीच्या मुली उठून मागे हापशावर गेल्या आणि ओंजळीने पाणी प्यायल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. वाढून झाल्यावर खिचडीवाल्या मावशींनी टोपाच्या बुडाची खरवड उलथन्याने सोडवली आणि मागच्या दाराने दोघींच्या हातावर ठेवली. हेडसर खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. यातल्या बऱ्याच मुली पाड्यावरून सकाळी सातला निघतात, कोऱ्या चहावर. घरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, मग घरी चूल पेटवणारीही त्यांच्यातलीच एक.

प्रकाश, मस्कत

माझा पासपोर्ट भारतीय. २५ हजार लिहा.
वेगळी चूल कशाला? त्याच टोपात सात किलो तांदूळ जास्त टाकायचा. आणि बुधवारी अंडं द्या. सरकारने २०२३ ला सुरू केलं होतं, २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबवले. वाढत्या वयाच्या पोरांना नुसत्या भाताने काय होणार?

जयश्री

अंड्याला माझा पाठिंबा. ज्या घरात माळ आहे त्या मुलाला केळं द्या, म्हणजे प्रश्न मिटला.

सुनीता, ऐरोली

प्रकाश, एका टोपात नाही जमणार. सरकारी तांदळाचा हिशेब रोजच्या हजेरीवर असतो. आपला तांदूळ त्यात मिसळला की मोजमाप जुळणार नाही आणि तपासणीत हेडसर अडकतील. टोप वेगळा, कोठी वेगळी, वही वेगळी. मावशी दोन्हीकडे शिजवायला तयार आहेत, त्यांचं मानधन त्या १८ रुपयांतच धरलंय. सिलिंडरही.

चवीची वही मात्र सरकारी पद्धतीनेच ठेवायची. वाढण्याआधी एका शिक्षकाने खायचं आणि सही करायची. २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात तेलात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. आपल्याकडे तेल, डाळ आणि फवारणीची औषधं एका खोलीत ठेवायची नाहीत. कोठीची किल्ली मावशींकडे आणि एका शिक्षकाकडे, तिसरी नाही.

अंड्याबद्दल पालकांची सभा ठरवेल, आपण नाही.

मिलिंद

काका, रात्री कायदा वाचला. तुमचं बरोबर आहे. राग पैशांचा नव्हता. घरच्याच लोकांनी परकीय म्हटलं ते लागलं.
डिसेंबरमध्ये तीन आठवडे येतोय. दहावीला गणित शिकवलं तर चालेल का? त्याला तर पासपोर्ट लागत नाही ना?

वसंतकाका, नौपाडा

ओसीआयच्या नियमात काय बसतं ते बघून सांगतो, घाईने हो म्हणत नाही. आणि मी परकीय म्हटलं ते पैशाला, तुला नाही.

सुनीता, ऐरोली

शुक्रवारचा आकडा: भारतीय पासपोर्टवाले नऊ, ठाणे-नवी मुंबईतले आम्ही पाच. कबूल रक्कम १,५२,०००. काल मिलिंदच्या बाबांचा डोंबिवलीहून फोन आला. म्हणाले, माझ्या पेन्शनमधून २२ हजार देतो, मुलाकडून एक पैसा घेतलेला नाही आणि घेणारही नाही. वसंतकाका तसं लेखी घेणार आहेत आणि बाबांना त्याचं वाईट वाटलेलं नाही. बेरीज झाली १,७४,०००.

आता टोप. ४० लिटरचा, झाकणासकट, शनिवारी ठाणे स्टेशनजवळ भांड्यांच्या दुकानात बघायला जातेय. लोकलच्या माल डब्यातून आसनगावपर्यंत न्यायचा आहे, सोबत दोन माणसं हवीत. पुढच्या पायवाटेवर एकीने कडी धरून भागणार नाही. कोण येतंय?