सक्तीचा बेल कर्व्ह बंद करावा का?

सह्यपायथा : मार्च उलटला की आयटी कंपन्यांत अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, वारे वाहू लागतात. जिथे अजूनही सक्तीचा बेल कर्व्ह, म्हणजे थोडे वर, बहुतेक मध्ये आणि थोडे तळाशी अशी आधीच ठरलेली टक्केवारी आहे, तिथे मॅनेजरला टीममधल्या सगळ्यांनी नीट काम केलेले असले, तरी ठरावीक टक्के लोकांना सर्वांत खालच्या रकान्यात बसवावेच लागते. ही पद्धत बंद झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरचे 20, मधले 70 आणि तळाचे 10 टक्के अशी कर्मचाऱ्यांची विभागणी रूढ केली आणि तळाच्या 10 टक्क्यांना निरोप देण्याचे धोरण ठेवले. पुढे अनेकांनी तिचे अनुकरण केले, पण मायक्रोसॉफ्टने अशीच पद्धत 2013 साली सोडून दिली. हजारो माणसांत दिसणारी विभागणी आठ जणांच्या टीममध्येही दिसलीच पाहिजे, हा आग्रह गणितालाही धरून नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग त्या टक्केवारीत बसवण्याच्या, बैठकीत समोर एक्सेलची शीट उघडलेली असते आणि ‘अजून एक नाव खाली हवे’ असे एचआरकडून सांगितले जाते. तेव्हा ज्याची बाजू मांडायला कोणी नसते त्याचेच नाव खाली सरकते, मग तो नुकताच दुसऱ्या प्रोजेक्टवरून आलेला असो किंवा ती बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली असो. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा 2017 च्या दुरुस्तीने कायद्यात आली. पण ‘ती वर्षातले सहाच महिने होती’ असे कोणी म्हटले की तोच हक्क रेटिंगमधून वसूल केला जातो. त्यानंतर मॅनेजरने तिच्यासमोर बसून स्वतःलाच न पटलेली कारणे सांगायची. ज्याला असे करावे लागले, त्याच्यावर टीमने पुढे विश्वास का ठेवावा?

रात्रपाळी : आपली तळमळ समजते, तरी सहमत होता येत नाही. मी कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करतो. आमच्याकडे कर्व्ह नव्हता तेव्हा कोणताही विभागप्रमुख वाईटपणा घ्यायला तयार नसे आणि सर्वांना ‘उत्तम’ असा शेरा मिळे. पगारवाढीची रक्कम मात्र ठरलेलीच असते. तिची वाटणी मग साहेबांच्या मर्जीने होई : त्यांच्याबरोबर चहाला जाणारा पुढे, आणि रात्री दोन वाजता बिघडलेली मशीन खटपट करून सुरू करणारा मागे. मितभाषी माणसाला न्याय मिळायचा असेल, तर साहेबांवर काहीतरी बंधन हवेच.

नोंदवही : बंधन हवे हे मान्य, पण ते टक्केवारीचेच का असावे? सरकारी नोकरीतील गोपनीय अहवालांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात 2008 साली दिलेला निकाल येथे उपयोगी पडेल. देव दत्त या अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता, पण पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि आपला शेरा काय आहे हे त्याला कोणी कळवलेच नव्हते. प्रत्येक शेरा, मग तो वाईट नसला तरी, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. खासगी कंपनीला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, पण बंधन कशाचे असावे याचा चांगला नमुना त्यात आहे.

रात्रपाळी : शेरा कळवल्याने मर्जी संपत नाही. गोड भाषेत लिहिलेला पक्षपातही कळवता येतो. शिवाय रक्कम मर्यादित आहे तोवर कोणाला जास्त आणि कोणाला कमी, हा क्रम लावावाच लागणार. तो कोण लावणार, हे मूळ लेखकाने सांगावे.

सह्यपायथा : क्रम मॅनेजरनेच लावावा, कारण काम त्याने पाहिलेले असते, पण प्रत्येकाबद्दलची कारणे त्याने तिमाहीगणिक लिहून ठेवावीत, ती त्या माणसाला वाचायला मिळावीत, आणि दाद मागायची झाल्यास ती दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाकडे मागता यावी. मशीन सुरू करणाऱ्याची ती रात्र तेव्हाच कागदावर आली, तर एप्रिलमध्ये ती कोणाला नाकारता येणार नाही. रजेच्या महिन्यांसाठी कोणाचाही गुण कापू नये, हे मात्र नियम म्हणून लेखी असावे. ते मॅनेजरच्या भलेपणावर सोडायला मी तयार नाही.

रात्रपाळी : रजेचा नियम मला पूर्ण मान्य आहे. तिमाही नोंदींबद्दल शंका कायम आहे, कारण तीस माणसे सांभाळणारा सुपरवायझर त्या मनापासून लिहील असे मला वाटत नाही. त्याच्याकडची माणसे आधी कमी करावी लागतील, आणि त्या खर्चाला व्यवस्थापन सहसा तयार होत नाही.