मदत हवी आहे: पार्किन्सन्सची गोळी, आबांचं दूध आणि रविवारचं मटण. वेळा कशा बसवता?

मंडळी, आमचे आबा ७१ वर्षांचे. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. पहाटे कोल्हापुरात गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, हा नेम अजून चालू आहे. पूर्वी चालत जायचे, आता मी गाडीवरून नेतो.

पार्किन्सन्सचं निदान होऊन काही वर्षं झाली. थरथर उजव्या हातात आहे, पण तीही फार नाही. खरा त्रास अंग आखडण्याचा आणि हालचाल मंदावण्याचा. आता मागचं आठवलं की वाटतं, सुरुवात बरीच आधी झाली असावी. उन्हाळ्यात चटणीचा कांदा-लसूण तळताना गल्लीभर घमघमाट सुटायचा आणि आबांना पत्ता नसायचा. झोपेत ओरडत हातपाय झाडायचे; आई म्हणायची, स्वप्नात कुस्ती चाललीय. दुकानाच्या वहीतलं अक्षर ओळ संपेपर्यंत बारीक होत वाचेनासं व्हायचं. हे सगळं एकाच आजारात बसतं, हे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं तेव्हा कळलं.

गोळी सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७. आधी अर्ध्या-पाऊण तासात गोळी लागू व्हायची आणि पुढच्या गोळीपर्यंत माणूस सुटा असायचा. हल्ली सकाळची गोळी कधी लागते, कधी नाही. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा आणि सुकं झालं की ३ ची गोळी कुठं जाते तेच कळत नाही. संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठवत नाही. सकाळची गोळी ते दुधाबरोबरच घेतात. दूध आणि मटण याला कारण असेल का? विषय काढला तर म्हणतात, "दूध सोड म्हणशील तर गोळीच सोडीन बघ."

दुसरं, आमचं घर जुनं, प्रत्येक खोलीला उंबरा. बरोबर उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. आम्ही हाताला धरून ओढलं की तोल पुढं जातो. तिसरं, एका पाहुण्यांनी खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलंय. द्यावं का?

(आणि पाहुण्यारावळ्यांना एकदाच सांगतो. आबा रागावलेले नाहीत. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत म्हणून तसे दिसतात. आणि हात थरथरतो तो दारूनं नाही. माळकरी माणूस नसला तरी दारूला शिवलेला नाही.)

मिरजेची_माई:
दादा, आमच्या ह्यांनाही हेच दुखणं, त्यामुळे अनुभवाचं सांगते. दुधावर तुमचा संशय बरोबर आहे. दूध, मटण, अंडी, डाळ यांतली प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला लेव्होडोपाची आणि त्यांची वाट एकच. दिवाळीत महाद्वार रोडला गाडी घातल्यासारखं होतं, गोळी निघते पण पोचत नाही. आजार नवा असताना हे जाणवत नाही, पुढं जाणवायला लागतं.

दूध बंद करू नका, फक्त गोळीपासून लांब करा. उठल्या उठल्या गोळी नुसत्या पाण्याबरोबर, भरपूर पाणी. मग अर्धा-पाऊण तासानं दूध. कट्ट्यावर जायच्या आधी घरी गोळी घेतली तर जाईपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि पायही सुटलेले असतात. जेवणानंतर घ्यायची असेल तर तास-दीड तास जाऊ द्या. रिकाम्या पोटी मळमळलं तर एखादं साधं बिस्किट किंवा केळं द्या, दूध नको. मटण रविवारी दुपारऐवजी रात्री करा. रात्री गोळी कमी लागली तरी झोपायचंच असतं. पण ह्यांना रात्री कूस बदलता येत नाही, म्हणून आम्ही बेतानंच करतो. तुम्ही बघून ठरवा.

प्रथिनं तोडू मात्र नका. या आजारात वजन आपोआप उतरतं.

बद्धकोष्ठ आहे का, ते लिहिलं नाहीत. पोट साफ नसेल आणि जठर सावकाश रिकामं होत असेल तरी गोळी उशिरा लागते. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तीही या गोळीबरोबर देऊ नका.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. उलटी झाली म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं तर आधी पार्किन्सन्स आहे असं सांगायचं. मेटोक्लोप्रामाइड असलेल्या उलटीच्या औषधानं हा आजार बळावतो. चक्करेच्या काही गोळ्यांचंही तसंच, सिनारिझिन त्यातलीच.

निसर्गप्रेमी_करवीर:
इंग्रजी गोळ्या बंद करा आणि चूर्ण सुरू करा. त्यात नैसर्गिक डोपा असतो. साइड इफेक्ट नाही.

मिरजेची_माई:
असतो, म्हणूनच भीती. खाजकुहिलीत लेव्होडोपाच आहे, पण चमच्यात किती ते पुडीवर कुठं लिहिलंय? वर सिंडोपा चालू. दोन्ही मिळून जास्त झालं की अंग आपोआप वळवळायला लागतं, भ्रम होतात, रक्तदाब उतरतो. द्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला पुडी दाखवून. आणि गोळ्या एकदम बंद करायच्या गप्पा इथं नकोत. एकदम बंद केल्यानं ताप येऊन, अंग लाकडागत ताठ होऊन जिवावर बेतू शकतं.

पावलं_मोजणारी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. उंबऱ्याबद्दल लिहिते.

ओढू नका, ते आधी थांबवा. पाय चिकटले की काकांना थांबू दे, सरळ उभं राहू दे, एक श्वास. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर, डावी-उजवीकडे हलकं झुलायचं आणि मोठं पाऊल टाकायचं. उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर पावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा. "चाला" म्हणून पाय उचलत नाही, "पट्टी ओलांडा" म्हटलं की उचलतो. आपोआप होणारी हालचाल बिघडलेली असते, लक्ष देऊन केलेली बरीचशी जमते.

ठेक्याचाही उपयोग होतो. काका तालमीतले ना? मोबाइलवर हलगी लावून बघा, सावकाश लयीतली. कुस्तीच्या मैदानातली जलद नको, तिच्यामागं ते पळायला लागतील. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. चालताना त्यांच्याशी बोलू नका, हातात तांब्या-पेला देऊ नका. पलंगावरून उठल्यावर मिनिटभर बसायचं, रक्तदाब एकदम पडतो.

आवाज बारीक झाला असेल तर रोज मोठ्यानं पेपर वाचायला लावा. शड्डू ठोकून एखादी आरोळी मारली तरी व्यायामच आहे तो.

रंकाळाकाठ (मूळ प्रश्नकर्ता):
माई, ताई, आभार. बद्धकोष्ठ आहे, अगदी जुनं. गोळी कधी घेतली, कधी लागली, कधी उतरली आणि त्याआधी काय खाल्लं, अशी वही आईनं सुरू केलीय. ती घेऊनच डॉक्टरांकडे जातो, गोळ्यांच्या वेळा त्यांच्याशी बोलूनच हलवणार. चूर्ण कपाटात गेलं. आबांना गोळी आधी आणि दूध नंतर हे पटलं. मटण रात्री म्हटल्यावर "रात्रीचा रस्सा बाधतो" म्हणून तक्रार सुरू आहे. हलगी लावली. पहिल्यांदा हसले, मग पट्टी ओलांडली.

एक राहिलं. अपंगत्वाचा दाखला मिळतो का याला?

मिरजेची_माई:
मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तुम्हाला कोल्हापुरातलं सरकारी सीपीआर रुग्णालय जवळच. टक्केवारी ते ठरवतात. न्यूरॉलॉजिस्टचे सगळे कागद न्या, आणि गोळ्यांचा डबा नि पाण्याची बाटली पिशवीत ठेवा. रांगेत गोळीची वेळ हमखास टळते.