रत्नागिरी ते म्हैसूर, डिसेंबरात, घरच्या गाडीने: दिवस कसे पाडावेत?

पावसरोड
20 डिसेंबरला रत्नागिरीतून निघायचा विचार आहे. हातात दहा दिवस. कुडाळ, मडगाव, मंगळूर आणि म्हैसूर इथे मित्रमंडळी आहेत, प्रत्येकाकडे किमान एक रात्र राहायचंय. मधे उडुपी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षांची, 62 हजार किलोमीटर झालेली, टायर कंपनीतून आलेलेच. माणसं चार: चालवणारे दोघं, आई (वय 68, घाटात मळमळतं) आणि नऊ वर्षांचा मुलगा. दिवसांची वाटणी कशी करावी, परत त्याच रस्त्याने यावं की घाटावरून, आणि गाडीचं काय काय करून घ्यावं?

हातखंबा_तिठा
आधी तारीख बदला. 20 ला निघालात तर म्हैसूर बरोबर नाताळात येतं. राजवाड्याबाहेर रांग, हॉटेलं भरलेली, मित्राच्या घरापर्यंत पोचायलाच तास. डिसेंबरचा दुसरा मंगळवार धरा. मंगळवारच का, ते खाली कळेल.

मंगळवार: रत्नागिरी-कुडाळ, दीडशेच्या आसपास. सकाळी सहाला निघायची घाई नको. खारेपाटण ते कणकवली नदीकाठच्या सखल भागात आठ-साडेआठपर्यंत धुकं असतं, त्यात डोळे ताणत जाण्यापेक्षा नाश्ता करून निघा. दुपारी मालवण होतं, कुडाळहून पाऊण-एक तास.

बुधवार: कुडाळ-मडगाव, सव्वाशे. अंतर थोडं, पण म्हापसा ते पणजी खोळंबा होतो, विशेषतः पर्वरीत. ऑफिसच्या वेळा टाळून अकरा ते एकच्या मधे हा पट्टा काढा. झुआरीवर आता नवा पूल आहे, तिथे पूर्वीसारखं अडकायला होत नाही.

गुरुवार: मडगाव-उडुपी, साधारण 285. हा खरा चालवायचा दिवस, साडेसहाला गाडी हलवा. काणकोणच्या आधी करमल घाट लागतो. छोटाच आहे, पण वळणं सलग, त्यामुळे आईंना त्याआधी पोटभर खायला देऊ नका. पोळेची हद्द ओलांडण्यापूर्वी काणकोणात टाकी फुल करा. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा आणि कर्नाटकापेक्षा लिटरमागे पाच रुपयांहून जास्त स्वस्त पडतं. माजाळीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात, गोव्याची बाटली सोबत ठेवूच नका. पुढे काळी नदी. तिथला जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोसळला, तेव्हापासून नव्या पुलावर दोन्हीकडची वाहतूक आहे, हे लक्षात ठेवून चालवा. मुर्डेश्वरला जेवण. 20 मजली गोपुराला लिफ्ट आहे, आईंना चढावं लागणार नाही, वरून 123 फुटी शंकर आणि समुद्र एका नजरेत दिसतो. कुंदापूरच्या अलीकडे मरवंतेला एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मधे हायवे. सगळे तिथेच अचानक ब्रेक मारतात, मागच्या गाडीकडे लक्ष ठेवा.

शुक्रवार: सकाळी कृष्णमठ, मग मलपे, संध्याकाळी मंगळूर (60). शनिवार मंगळूर.

रविवार: मंगळूर-म्हैसूर, 255. बीसी रोड, माणी, पुत्तूर, सुळ्य, संपाजे घाट, मडिकेरी, कुशालनगर, हुणसूर. साडेसहाला निघाच. रविवारी दुपारनंतर मडिकेरीहून बेंगळूरकडे परतणारी सगळी गर्दी याच रस्त्यावर असते, त्यामुळे साडेबाराच्या आत कुशालनगर सोडलेलं बरं. म्हैसूरचा राजवाडा रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी सात वाजता दिव्यांनी उजळतो, तो तुम्हाला मिळेल. सोमवारी राजवाडा आतून आणि प्राणीसंग्रहालय. प्राणीसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. मंगळवारी निघा म्हटलं ते या दोन गोष्टींसाठी.

ग्रीसहात
रस्त्याचं वरच्यांनी सांगितलं, मी गाडीचं सांगतो.

टायर सर्वांत आधी. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा दिसल्या तर चारही बदला. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, चार माणसं आणि सामान यासाठी दिलेला आकडा घ्या, आणि गाडी थंड असताना मोजा. स्टेपनीची हवा कोणी बघत नाही, तुम्ही बघा. शिवाय घरीच एकदा चारही चाकांचे नट सैल करून परत आवळा. खाऱ्या हवेत ते असे धरतात की रस्त्यात पान्यावर उभं राहिलं तरी सुटत नाहीत.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदला. ते हवेतली ओल पितं, आपल्याकडे जरा जास्तच. ओल शिरली की उकळण्याचं तापमान खाली येतं, मग लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ऑइलमधे वाफ होते आणि पेडल कापसासारखं मऊ लागतं. म्हणून उतरताना दुसरा गियर, क्लचवरून पाय बाजूला, ब्रेक थोडा दाबून सोडून द्यायचा. ज्या गियरमधे चढाल त्याच गियरमधे उतरा, हा जुना नियम अजून खरा आहे. जळका वास आला तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

बॅटरी कधीची आहे ते बघा. चार वर्षांपुढची असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या, फुकट करतात. वायपरची रबरं पावसाळ्यात झिजलेली असतात आणि पहाटेचं दव पुसताना काच फरफटत नेतात, नवी घाला. काच आतून धुरकटली तर एसी चालू आणि बाहेरची हवा घ्यायचा खटका. आतलीच हवा फिरवत ठेवली तर चौघांच्या श्वासाची ओल काचेवर बसत राहते. धुक्यात लो बीम. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, वळणार की नाही ते मागच्याला कळत नाही.

सगळं मिळून सोळाशे-सतराशे किलोमीटर, गावातलं धरून अठराशे. 16 चं अॅव्हरेज धरलं तर 110 ते 115 लिटर. फास्टॅगमधे पैसे भरून ठेवा: टॅग नसेल वा चालला नाही तर टोलवर यूपीआयने सव्वापट भरावे लागतात.

पावसरोड
मंगळवारचं जमवतो. परतीचं कोणी सांगेल का? आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं तर फरक पडेल का?

घाटमाथा
परत किनाऱ्याने येऊ नका. तेच परत बघायचं, आणि त्या आठवड्यात गोव्याची गर्दी वाढायला लागलेली असते. म्हैसूरहून श्रीरंगपट्टण, नागमंगल, हुळियार करत हिरियूरला पुणे-बेंगळूर हायवेला लागा. पहिल्या दिवशी चित्रदुर्ग, 245 च्या आसपास, दुपारी सात तटांचा किल्ला. ओनके ओबव्वाने मुसळाने शत्रूचे सैनिक मारले ती खिंड मुलाला दाखवाच. पायऱ्या पुष्कळ आहेत, आईंना पहिल्या दरवाज्यांपर्यंतच न्या. दुसऱ्या दिवशी हुबळीवरून बेळगाव, 300, रस्ता सरळ. तिसऱ्या दिवशी घर.

बेळगावहून आंबोली-सावंतवाडीचा मोह होईल. मी कोल्हापूर-आंबा घाट सांगेन: साधारण 240, अर्धा रस्ता मोठ्या हायवेचा. मात्र डिसेंबरात निपाणी-कोल्हापूर भागात ऊसतोड जोरात असते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाजूने बाहेर आलेला. अंधारात दिसतच नाहीत. सकाळी सातनंतर निघा आणि उजेडातच आंबा उतरा.

आईंना पुढे बसवाच. कानाला वळण कळतं आणि डोळ्यांना गाडीच्या आतलं स्थिरच दिसतं, या भांडणातून मळमळतं. पुढे बसून लांब रस्त्याकडे बघितलं की कमी होतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नसतो. मुलाला घाटात मोबाइल देऊ नका. संपाजेत रेंजही जाते, नकाशा मंगळूरलाच उतरवून घ्या.

तिरफळ
मित्रांका काय नेवचा ता कोणी सांगूक नाय. मंगळुराक कोकमा नेव नकात, थंय ती 'पुनर्पुळी' म्हणान घराघरात असतत.

तिथे मालवणी खाजं न्या. गूळ दमट हवेत सुटतो म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. कोकम म्हैसूरकरांना, पण आगळ (कोकमाचा खारवलेला रस) द्या, साखर घातलेलं सरबत नको. ते डिकीच्या उष्णतेत आंबतं आणि झाकण उडवतं. आगळात मीठ असल्याने टिकतं. बाटली दोन बोटं रिकामी ठेवून बादलीत उभी करा. सांडलं तर डाग जात नाही आणि मिठाने पत्रा गंजतो. सोडे (सुकवलेली कोळंबी) न्यायचे तर आधी त्या घरात चालतात का विचारा, आणि तिहेरी पिशवीत बांधा, नाहीतर म्हैसूरपर्यंत गाडीत तुम्हीच नाक धरून बसाल.

हातखंबा_तिठा
एक राहिलं. कृष्णमठात पुरुषांना सदरा काढावा लागतो, दर्शन नऊ छिद्रांच्या चांदीच्या खिडकीतून. सकाळी लवकर गेलात तर आईंना फार वेळ उभं राहावं लागत नाही. नाश्त्याला नीरदोसा मागवा, आपलं घावणंच, फक्त अंमळ पातळ. आणि बेत जानेवारीत ढकललात तर सम वर्षी 18 जानेवारीला 'पर्याय' असतो, म्हणजे कृष्णमठातली पूजा एका मठाकडून दुसऱ्याकडे सोपवायचा सोहळा, त्या दिवसांत उडुपीत खोली मिळत नाही.