बग ‘बंद’, चूक मात्र चालू. काय करू?

जुळारी_परळ
परळला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. चार वर्षं सगळं काम ओपन सोर्सवरच, म्हणजे फुकट, खुल्या सॉफ्टवेअरवर. यंदा मंडळाच्या अहवालात घोळ झाला. फाइलमध्ये ‘पदाधिकाऱ्यांची यादी’ अगदी नीट, पीडीएफ केली की ‘पदाधिकार्यांची’. रफार थेट डोक्यावर. प्रूफ मी फाइलमध्येच वाचलं, पीडीएफ उघडून पाहिली नाही, तेवढी चूक माझी. ४०० प्रती छापून झाल्यावर कार्याध्यक्ष आले आणि नऊ ठिकाणी बोट ठेवून गेले.

बग नोंदवला, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे चुकीची तक्रार टाकली, स्क्रीनशॉट लावले. उत्तर आलं, ‘आमच्याकडे असं होत नाही, अजून माहिती द्या.’ गणपतीच्या गडबडीत ते राहिलंच. नंतर बघतो तर बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, बंद करून टाकलेला. पुन्हा नोंदवला तर ‘डुप्लिकेट’ म्हणून त्याच बंद बगाकडे पाठवलं! रेशनच्या खिडकीवर निदान माणूस तोंडावर नाही म्हणतो.

नाद सोडू? पैसे देऊन कोणाकडून करून घेऊ? की तक्रार लिहायचीही काही रीत असते?

डबलफास्ट
सोडा हो. माझे तीन बग असेच गेले. फुकटात घेतलंय म्हणून आपण ऐकून घ्यायचं, दुसरं काय.

बोरिवली_स्लो
मी दुसऱ्या बाजूचा. एक लहानशी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात असा ओपन सोर्स कोड, सांभाळतो, नोकरी करून, रात्री जेवणं झाल्यावर. तो बॉट म्हणजे कुणी वाचून दिलेला निकाल नव्हे. गिटहब, म्हणजे कोड आणि बग ठेवायची साइट, तिथल्या ‘स्टेल’ (शिळा) ॲक्शनची मूळ सेटिंगच अशी आहे, ६० दिवस कुणी काही बोललं नाही की ‘स्टेल’ लेबल, त्यानंतर ७ दिवसांत बंद. ‘वोन्टफिक्स’ (दुरुस्त करणार नाही) म्हणून बंद झाला असता तर गोष्ट वेगळी. तिथे माणसाने ठरवलेलं असतं, वाद घालून फारसं काही निघत नाही.

‘कधी होणार, कधी होणार’ असा तगादा मात्र लावू नका. एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण आठवा, २०२४ मध्ये उघडकीला आलेलं. एकटा, थकलेला मेंटेनर (कोड सांभाळणारा), त्याला कामं रखडल्यावरून टोचणारी खाती, आणि मदतीला म्हणून आलेल्यानेच कोडमध्ये मागचं दार, म्हणजे घुसायची चोरवाट, बसवलं. तेव्हापासून ‘लवकर करा’वाल्यांकडे मी जरा संशयानेच बघतो.

काना_मात्रा
जुळारीदादा, आधी एक सांगा. ‘ऱ्या’ टाइप कसा करता?

जुळारी_परळ
र, हलंत, मग तो न दिसणारा जोडणारा, मग या. जुना लेआउट आहे, बोटांना तीच सवय.

काना_मात्रा
वाटलंच होतं. चंद्रकोरीसारखा हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक तुमचा, र + हलंत + झेडडब्ल्यूजे (यू+२००डी), म्हणजे तोच न दिसणारा जोडणारा. दुसरा, नुक्तावाला ऱ (यू+०९३१) + हलंत. युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला कोड देणारं मानक, त्याप्रमाणे दोन्ही चालायला हवेत. तुमच्याकडे पीडीएफ होताना बहुतेक झेडडब्ल्यूजे गळतोय. तो गेला की उरतो साधा र्य, म्हणजे रफार.

आता पलीकडचा माणूस काय करणार? त्याने नुक्तावाला ऱ वापरून पाहिलं असेल तर त्याला चूक दिसणारच नाही. देवनागरी येत नसेल तर तुमचे दोन्ही स्क्रीनशॉट त्याला सारखेच. ‘होत नाही’ हे तो खोटं बोललेला नाही.

तेव्हा नव्याने लिहा. एकाच शब्दाची फाइल जोडा. अक्षरांचे कोड लिहून द्या, ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ. दोन चित्रं शेजारी ठेवा आणि फरकाभोवती लाल गोल काढा. ताज्या आवृत्तीवरही होतं का ते बघून आवृत्तीचा आकडा टाका. आणि तोच फॉन्ट, तोच शब्द हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीच्या एचबी-व्ह्यूमधून काढून बघा. तिथे बरोबर आला तर फॉन्टवर ढकलायला जागा राहत नाही.

तोवर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटवर शिफ्ट धरून र ची कळ दाबा, ऱ मिळतो. आजच्या आज सुटाल.

बोरिवली_स्लो
असा बग माझ्याकडे आला तर मी त्याच रात्री उघडेन. जुन्या आवृत्तीत नीट होतं का, तेही कळवा. मधे हजार बदल असले तरी गिट बायसेक्टने, म्हणजे दर फेरीला निम्मे बदल वगळत शोधणाऱ्या साधनाने, दहाएक फेऱ्यांत नेमका बदल सापडतो. पैसे द्यायची घाई नको.

डबलफास्ट
माझे तीनही बग आता काढून बघितले. एकातही आवृत्ती लिहिलेली नाही. असो.

जुळारी_परळ
केलं सगळं. एचबी-व्ह्यूत शब्द बरोबर आला. नवा बग टाकला, लाल गोलासकट. काल त्यावर ‘कन्फर्म्ड’ लेबल लागलं, आणि मेंटेनरने विचारलंय की ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’मध्येही होतं का. होतं. दुरुस्ती कधी येते बघू.

मंडळाची पोरं दुकानातच बसलीत, चिकटपट्ट्या कापत. नऊ गुणिले ४००. शिफ्टची सवय काही अजून लागत नाहीये, सकाळपासून दोनदा जुनाच र पडला.